उजव्या पायाचा मोजा

बाईसाहेब वाकल्या आणि फेलिशियानं त्यांना ढकललं. घडलं ते एवढंच. पण शाळेच्या बक्षीस-समारंभात, झेंडूच्या माळा लावलेल्या त्या लांबट कौलारू खोलीत, पाद्रीबाबांच्या आणि झाडून साऱ्या पालकांच्या देखत, एका बड्या गोऱ्या अंमलदाराच्या बायकोला खाडीकाठच्या मिठागरवाल्याच्या पोरीनं ढकलावं, म्हणजे पुढं जे व्हायचं ते झालंच. बाईसाहेबांची पिसांची टोपी कानावर आली, त्यांचा एक हात टेबलावरच्या लिमलेटाच्या गोळ्यांत गेला आणि गोळ्या जमिनीवर टपटप सांडल्या. पहिल्या बाकावरच्या बारक्या पोरी गोळ्यांकडे बघत राहिल्या, उचलायची कुणाची छाती झाली नाही. खरं तर बाईसाहेबांच्या मनात पाप नव्हतं, हे फेलिशियालाही कळत होतं. अक्षराचं आणि गणिताचं, दोन्ही पहिली बक्षिसं तिलाच, म्हणून बाईसाहेबांनी स्वतः विणलेले पांढरे मोजे तिच्या हातावर ठेवले. मग त्यांची नजर खाली गेली, बुटांत मोजे नाहीत, नुसते उघडे घोटे, हे त्यांनी पाहिलं, त्या हसल्या आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, “बघू, पाय बघू.” आणि वाकल्या. तिच्या पायाशी, गुडघ्यावर हात ठेवून, वाकल्या. फेलिशियाचे हात आपणहून पुढं झाले, आणि तोंडातून शब्दही आपणहून आले. “इथं नको. लोक बघतायत.” हे ती मोठ्यानं म्हणाली. ठणठणीत, कविता म्हणावी तसं. हे शब्द कुठून आले, तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे तेव्हा तरी ठाऊक नव्हतं.

सिस्टर मार्सेल रागावल्या की त्यांचं मराठी आणखीच शुद्ध होत असे. त्या आपल्या देशातून मराठी पुस्तकांतून शिकून आलेल्या, आणि पुस्तकात माणसं जशी भांडतात तशा भांडत. “तुझे हे वर्तन पशुतुल्य आहे, फेलिशिया,” त्या म्हणाल्या. “सोमवारी सकाळी बाईसाहेबांच्या नावे क्षमापत्र घेऊन ये. ते आणल्यावाचून वर्गात पदार्पण करू नकोस. नाताळानंतर बालवर्ग तुझ्या हाती द्यावा असे मी पाद्रीबाबांपाशी बोलले आहे, हे तुला स्मरते ना?” स्मरत होतं. वर्षभर फेलिशिया दुसरं काही स्मरत नव्हती. बालवर्गाच्या बारा पोरी, फळा, खडू, आणि त्या खुर्चीवर ती. खाडीकाठच्या एकाही पोरीच्या वाट्याला आजवर ती खुर्ची आली नव्हती. ती मान खाली घालून “हो सिस्टर” म्हणणारच होती. पण सिस्टरना तिथं थांबवेना. “आणि पत्रात हेही लिही,” त्या म्हणाल्या, आवाज थोडा मऊ करून, म्हणजे आता उपकार करतायत अशा बेतानं, “की गाठीच्या तापाच्या दिवसांत याच दयाळू लोकांनी तुझ्या आईची अखेरपर्यंत शुश्रूषा केली, त्याचे तुला विस्मरण झाले नाही.” फेलिशियानं मान वर केली. सिस्टरच्या गळ्यातला क्रूस, मागच्या भिंतीवरचा नकाशा, खिडकीतून येणारा चुन्याचा वास, सगळं क्षणभर एकाच रंगाचं झालं. शुश्रूषा. केवढा मोठा शब्द. लिहिताना दोनदा ‘श’ला उकार द्यावा लागतो आणि एकदाही ‘ष’ चुकता कामा नये. ती तो न चुकता लिहू शकते, म्हणूनच तर तिला बक्षीस.

घरी जाताना ती बूट हातात घेऊन चालली. तिला कुणी विचारलं असतं की अगं, तू मोजे का घालत नाहीस, तर तिनं काहीतरी ठोकून दिलं असतं, उकडतं, खाजतं, फाटलेत. पावणेदोन वर्षं तिनं मोजा पायाला लावला नव्हता. परकर लांब शिवून घेतला होता, की कुणाला दिसू नये. आणि दुसरंही एक होतं, ते तर कुणाला सांगायची सोय नव्हती. समोर कुणी वाकलं की तिला धाप लागे. वर्गात कुणी खडू उचलायला वाकली, मिस्साला पुढची बाई गुडघे टेकायला वाकली, शेजारची ठमाबाई रांगोळी काढायला दारात वाकली, की फेलिशियाच्या तळहातांना घाम सुटे आणि वाटे की आत्ता, या क्षणी, काहीतरी थांबवायला हवं. काय थांबवायला हवं, ते कळत नसे. माणूस सरळ उभं राहिलं की घाम जाई. एवढ्या हुशार पोरीला, अपूर्णांकांचे गुणाकार तोंडी करणाऱ्या पोरीला, हे कोडं सुटू नये. की सोडवायचंच नव्हतं? त्या शनिवारी बांधावरून चालताना खाडीला ओहोटी होती, खडक उघडे पडले होते, त्यांवर कालवं चिकटलेली होती, करवतीसारखी, आणि तिला आईचा पाय आठवला. आठवला म्हणजे काय, तो गेलाच नव्हता कुठं.

तिची आई बिट्रिस कालवं काढायला जायची ती अनवाणी. सगळ्याच जायच्या. खडकावर पाय घसरला की कालवाची धार तळव्यात जाते, हे इथल्या बाईला सांगावं लागत नाही. जखम चिघळली की दोन दिवसांनी जांघेत अवधाण येतं, सुपारीएवढी गाठ, हात लावला की ठणकते. हळद-तेलाची चिंधी पायाला बांधायची, आठवडाभर लंगडायचं, गाठ बसते. इथल्या प्रत्येक बाईला वर्षातून एकदा तरी येतं. कुणी त्याला आजारही म्हणत नाही. पण ते वर्ष सत्त्याण्णवचं होतं, आणि त्या वर्षी जांघेतल्या गाठीला फार मोठे दिवस आले होते. सरकार तिच्यासाठी आगगाड्या थांबवत होतं, घरांची कौलं काढत होतं, लाटसाहेबांपासून हवालदारापर्यंत सगळे एकाच गाठीमागे लागले होते. आणि त्याच फेब्रुवारीत कल्याणच्या सुझाना मावशीला मुलगा झाला, आणि बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून बिट्रिस हवी, असा निरोप आला. सुझाना मावशीचा नवरा रेल्वेत, राहणं रेल्वेच्या चाळीत, शेजारी अर्धे टोपीवाले. फेलिशिया तेव्हा तेरा वर्षांची. शाळेत जाऊन दोन वर्षं झालेली, म्हणजे आईबापाची लाज वाटायला लागायचं अगदी नेमकं वय.

“अनवाणी येणार तू?” ती आईला म्हणाली होती. “तिथं सगळ्यांच्या पायांत बूट असतात. आणि ही पिवळी चिंधी. वास येतोय तिला.”

“कालवान् कापलंय पोरी, वास नाय येणार तं काय अत्तर येल?” बिट्रिस हसली. “लुगड्याच्या खाली कोण बघतंय माझा पाय.”

“लुगडं गुडघ्यापर्यंत तुझं. सगळेच बघतील.”

मग फेलिशियानं पेटीतून आपले बक्षिसाचे मोजे काढले. पहिल्या वर्षीचं बक्षीस, तिला मोठे होत म्हणून जपून ठेवलेले. आणि मावशीनं मागे दिलेले बूट. आई ओट्यावर बसली आणि फेलिशियानं तिच्या पायात मोजे घातले. डावा सहज गेला. उजवा जाईना. सुजलेला पाय, त्यावर चिंधी, आणि मोजा घोट्यापाशी अडला. तिनं दोन्ही हातांनी ओढला. आईनं ओठ चावला, ओट्याची कड धरली, आणि मोजा वर गेला तेव्हा दोन्ही पाय पुढं लांब करून, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे, बघत बसली. “मडमच झाले गो मी,” ती म्हणाली. “तुझ्या बापानं बघितलं तं वळखायचा नाय.” तिला आवडलं होतं. हेच तर फेलिशियाला गिळता येत नव्हतं. दुखत होतं आणि तरी तिला आवडलं होतं.

घरी बाप, फिलिप, नव्हता, उधाणानं मिठागराचा बांध फोडला होता, तो तिकडं. म्हणून आई आणि मुलगी दोघीच गाडीला बसल्या. पुढचं जे झालं ते फेलिशियानं सगळ्यांना सांगितलेलं होतं, पुष्कळदा सांगितलेलं होतं, बापाला, मावशीला, ठमाबाईला, आणि सांगून सांगून त्याची एक गुळगुळीत गोष्ट झाली होती. कल्याणच्या फलाटावर उतारूंना बायका एकीकडे, बापे एकीकडे असं उभं केलं. कनातीच्या आड नर्सबाई होती. तिनं आईचा गळा चाचपला, काखा चाचपल्या, जांघ चाचपली, आणि डॉक्टरला हाक मारली. मी म्हटलं, प्लेग नाही, पाय कापलाय, अवधाण आहे. मी आईचा पाय दाखवला. त्यांनी ऐकलं नाही. आईला झापांच्या छपरीत नेलं, खरे प्लेगवाले तिथं आधीच तळमळत होते. मला दुसऱ्या छपरीत ठेवलं, सोबत होते म्हणून. नवव्या दिवशी झाडूवाल्या बाईनं येऊन सांगितलं, तुझी आई गेली. चुन्यात पुरलं. घंटा नाही, पाद्री नाही. ही गोष्ट ऐकून सगळ्यांच्या अंगाचा तिळपापड होई. फिलिप तर ऐकल्याच्या दुसऱ्याच दिवशी कल्याणला कचेरीत गेला होता, तिथं टेबलावर मूठ आपटून म्हणाला होता, माझ्या पोरीनं पाय दाखवला, तुमच्या डागदरानं बघितला नाय. शिपायानं त्याला बाहेर काढला. कुठल्यातरी कारकुनानं वहीत बघून सांगितलं होतं, रुग्ण स्त्रीने वा सोबतच्या मुलीने कोणतीही जखम दाखवल्याची नोंद नाही. “खोटारडे,” फिलिप घरी येऊन म्हणाला होता. “लिहिणारेच खोटारडे. माझी पोर खोटं बोलंल काय?” आणि फेलिशियानं त्याला ताटात भात वाढला होता.

समारंभाच्या त्या शनिवारी घरी आल्यावर तिनं कागद पुढं घेतला, दौत घेतली, आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘परमपूज्य बाईसाहेब यांच्या चरणी’. चरणी शब्दाशी टाक थांबला. पुन्हा चरणच. तिनं कागद उलटा केला. तिला संताप आला, सिस्टरचा, बाईसाहेबांचा, त्या सुबक विणीच्या मोज्यांचा. दोन वर्षांनी येऊन म्हणतात, पाय बघू. तेव्हा बघायचा होता की. तेव्हा कुठं गेलं होतं हे वाकणं, हे हसणं, हे गोड गोड मराठी? कल्याणच्या फलाटावर एक माणूस, एकच माणूस वाकून म्हणाला असता, पाय बघू, तर आज आई चुलीपाशी बसून कालवांचं कालवण ढवळत असती. फेलिशिया संतापानं उठली, घरात फेऱ्या मारू लागली, आणि प्रत्येक फेरीला संतापाच्या तळाशी काहीतरी बारीक खडा टोचत होता, बुटात शिरतो तसा. कारकुनाच्या वहीत खरं लिहिलं होतं. संताप खरा होता आणि तो ज्यावर उभा होता ती गोष्ट खोटी होती. मग संताप पण खोटा? छे. हे तिला पटेना. पण मग काय, ते कळेना.

रविवारी मिस्सानंतर ती बापाला भाकरी घेऊन गेली. पुन्हा मोठी भरती येणार होती, म्हणून सणवार न पाहता सगळे बांधावर चिखल चढवत होते. राघो, बापाबरोबर मिठागरात राबणारा, कमरेला पंचा लावून चिखलात उभा होता. त्यानं लांबूनच हाळी दिली.

“आली गो आली, सरकारला ढकलणारी. फिलिप, पोरीला सांग, आता लाटसाहेबाला पण ढकल एकदा. आमचा माल तरी लवकर उठंल.”

“तुझ्या तोंडावर चिखल मारीन, राघ्या,” फिलिप म्हणाला, पण हसला. गाव एवढं लहान की बातमी तिच्या आधी बांधावर पोहोचली होती.

“मार ना. गोरा तं व्हईन वाळल्यावर,” राघो म्हणाला आणि घमेलं घेऊन पलीकडे गेला.

फिलिपनं हात धुतले आणि बांधावर बसून भाकरी सोडली. तो कमी बोलणारा माणूस. बायको गेल्यापासून तर घरात त्याचा आवाज फक्त खोकल्याचा. फेलिशिया त्याच्या शेजारी न बसता उभी राहिली. समोर मिठाचे वाफे आरशासारखे पसरले होते, त्यांत आकाश होतं, कळव्याकडची झाडं उलटी होती. तिनं ठरवलं नव्हतं. बांधावर येईपर्यंत तिनं मुळीच ठरवलेलं नव्हतं. पण राघो पलीकडे चिखल उचलायला वाकला, आणि पुन्हा ते, घाम, धाप, आता थांबवायला हवं, आणि या वेळी तिनं डोळे फिरवले नाहीत. बघत राहिली. वाकलेला माणूस बघत राहिली. आणि मग त्या जागी कनात आली, फिनेलचा वास आला, फलाटावरचा वारा आला.

कनात पुरती लागलेली नव्हती. वाऱ्यानं तिचा एक पदर फडफडत होता, आणि फडफडला की पलीकडची बाप्यांची रांग दिसे, म्हणजे त्यांनाही इकडचं दिसत असणार. नर्सबाईनं जांघ दाबली तशी आई कळवळली. नर्सबाईनं एक इंग्रजी शब्द म्हटला. टेबलापाशी बसलेल्या डॉक्टरनं मान वर केली. आई म्हणाली, “कालवान् कापलंय, बाय, पाय कापलाय माझा.” नर्सबाईला ते कळलं नाही. झाडूवाली बाई फिस्सकन हसली. आईनं फेलिशियाकडे बघितलं, तू सांग, तुला येतं त्यांचं बोलणं. आणि फेलिशिया मनात वाक्य जुळवत होती. आधी आई, मग पाय, मग कालवाला इंग्रजीत काय म्हणतात, कालव हा शब्द तिच्या पुस्तकात नव्हता, ती त्या शब्दापाशी अडकून उभी राहिली होती आणि कान तापून लाल झाले होते. तेव्हा आईनं वाट पाहणं सोडलं. ती वाकली. लुगडं आवरून, उजव्या पायाचा बूट सोडला, बोटं मोज्याच्या काठात घातली. कनात फडफडली. पलीकडचा कुणीतरी पगडीवाला टक लावून बघत होता. मोजा खाली येणार, मग पिवळी घाणेरडी चिंधी दिसणार, वास सुटणार. फेलिशिया आईच्या कानाशी गेली आणि दातांच्या फटीतून म्हणाली, “इथं नको. लोक बघतायत.”

आणि आई उभी राहिली. लगेच. वर्गात पोरीनं बाईंचं ऐकावं तशी. तिनं मोजा पुन्हा नीट वर केला, सुरकुती काढली, आणि लेकीकडे बघून मान हलवली, की बरोबर, चुकलंच माझं. त्या मान हलवण्यावर फेलिशियानं पावणेदोन वर्षं दगड ठेवला होता.

“बाबा,” ती म्हणाली. “मी पाय दाखवला नव्हता.”

फिलिपच्या हातातला घास हातातच राहिला.

तिनं सगळं सांगितलं. न रडता सांगितलं, भराभर, पाढे म्हणावेत तसं, कारण थांबली असती तर पुन्हा ती गुळगुळीत गोष्ट सुरू झाली असती. मोजे कुठले, कुणी घातले, कसे ओढले. आई कशी वाकली. ती काय बोलली. फिलिप ऐकत होता आणि समोरच्या वाफ्यातल्या उलट्या झाडांकडे बघत होता. तिचं संपलं. मग त्यानं विचारलं, “दुखलं असंल तिला. घालताना.”

“दुखलं. पण ती हसली. म्हणाली, मडमच झाले.”

त्यानं घास परत फडक्यात ठेवला. “मी त्या कचेरीत मूठ आपटली,” तो म्हणाला. “शिपायानं मना गचांडी दिली. माझी पोर खोटं बोलत नाय म्हणून मी गचांडी खाल्ली.”

“हो.”

“तुझं माझ्याशी खोटं बोललेलं, त्याचं मी बघीन. आज नाय.” त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. “ती वाकलेली किती वेळ होती?”

“बुटाचा बंद सोडण्याइतका. आणि मोज्यात बोटं घालण्याइतका.”

“डागदर कुठं होता?”

“टेबलापाशी. सात-आठ पावलांवर.”

“बघत होता?”

फेलिशियानं डोळे मिटले. आजवर त्या आठवणीत ती आईपाशीच थांबत असे, आईच्या पाठीपाशी, मानेपाशी. आता तिनं मान वळवली. टेबल होतं. त्यावर वही, शाईची दौत, पाण्याचा पेला. आणि त्यामागे पांढऱ्या कोटातला माणूस, हनुवटी हातावर टेकवलेला. त्याचे डोळे आईच्या हातांवर होते. बूट सोडणाऱ्या हातांवर. तो बघत होता. सबंध वेळ तो बघत होता, कंटाळा आलेल्या माणसासारखा.

“बघत होता,” ती म्हणाली.

“मग बाई रोगाच्या तपासणीत उभी आहे, आणि ती वाकून एकाच पायातला बूट काढतेय. का काढतेय, हे त्याच्या मनात नाय आलं? आपल्या राघ्याच्या मनात आलं असतं. बैलाच्या मनात आलं असतं.” फिलिप उठला, फावडं घेतलं. “पोर म्हणाली नको. पोर तेरा वर्षांची. तो किती वर्षांचा होता?”

तो खाली उतरला आणि चिखल मारू लागला, दर फावड्याला हुंकार देत. फेलिशिया बांधावर उभी राहिली. तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. बाप तिच्याकडे बघत नव्हता, आणि पुढं कित्येक दिवस बघणार नव्हता, हे तिला दिसत होतं, आणि ते योग्यच होतं. आईनं हलवलेली मान तर जन्मभर हलत राहणार होती. पण पोटातला संताप आता वेगळाच उभा होता. फलाटावर मोजा पुन्हा चढवायला आईला चार क्षण लागले होते. तो उतरवायला त्या माणसाला किती लागले असते? आपलं ते आपलं. ते ती वाहीलच. पण त्याचं ओझं पण आपणच का वाहायचं? आपण सगळं आपल्याच पदरात बांधून घेतलं, आणि तो पांढऱ्या कोटातला माणूस कुठंतरी आरामात रात्रीचं जेवण जेवत असेल, वर त्याच्या शुश्रूषेबद्दल सुवाच्य अक्षरात आभार मानायचे. खोट्या गोष्टीवर उभा असलेला राग तिला आजवर कधी पुरता वापरताच आला नव्हता, मध्येच पाय घसरे. आता घसरत नव्हता. ती घरी जवळजवळ धावत गेली.

सोमवारी सकाळी ती वेळेवर शाळेत गेली आणि आपल्या बाकावर बसली. शेजारची नंदा, तिची एकुलती एक हिंदू वर्गमैत्रीण, कुजबुजली, “पत्र आणलंस? दाखव ना. किती मस्का लावलास?” फेलिशियानं दप्तर मांडीवर ओढून घेतलं. सिस्टर मार्सेल आल्या, त्यांनी तिला बसलेलं पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून हजेरीचं पुस्तक उघडलं. नावं घेऊ लागल्या. तिच्या आधीच्या मुलीचं नाव झालं, आणि सिस्टर सरळ तिच्या पुढच्या मुलीच्या नावावर गेल्या. त्या पुढच्या मुलीला कळेना, हजर म्हणावं की थांबावं.

फेलिशिया उभी राहिली. “हजर,” ती म्हणाली.

“तुझे नाव मी उच्चारलेले नाही.”

“ऐकलं मी, सिस्टर. तरी मी आलेय.”

वर्गात कुणीतरी खोकलं. सिस्टरनी टाक खाली ठेवला. “क्षमापत्र कोठे आहे?”

“बाईसाहेबांना मी ढकलायला नको होतं. त्यांची चूक नव्हती. ते मी त्यांना तोंडानं सांगेन, तुम्ही नेलंत तर आजच.” तिनं दप्तरातून घडी केलेले चार कागद काढले, दोन्ही बाजूंनी भरलेले. “हे पत्र त्यांना नाही. कल्याणच्या फलाटावरच्या डॉक्टरला आहे. सगळं लिहिलंय. मी काय केलं तेही लिहिलंय, काही लपवलेलं नाही. आणि त्यांनी काय केलं नाही, तेही.”

ती बाकांच्या मधून पुढं गेली आणि घडी उलगडून कागद टेबलावर ठेवले. सिस्टरनी ते उचलले नाहीत, पण पहिल्या पानावर त्यांची नजर गेली आणि तिथून हलेना. त्या वाचत होत्या. पान उलटण्यासाठी शेवटी त्यांना हात लावावाच लागला. खिडकीबाहेर शाळेची मोलकरीण विहिरीवर रहाटाला दोर लावत होती, त्याचा कुईकुई आवाज तेवढा येत होता. दुसऱ्या पानाच्या शेवटी सिस्टरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“या पत्रावर नाव नाही,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचं मराठी जरा अडखळलं. “कोणाला... कोणाला पाठवायचे हे?”

“तेच विचारायला आलेय. आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमची नावं त्यांनी लिहून घेतली, आईचं, माझं, बापाचं, गावाचं. त्यांचं नाव आम्ही कुणीच विचारलं नाही.” फेलिशियानं दोन्ही हात टेबलाच्या काठावर ठेवले. “तुमच्या ओळखी आहेत, सिस्टर. बाईसाहेबांच्या आहेत. मला त्या डॉक्टरचं नाव हवंय.”

“बस, फेलिशिया.”

“नाव कळलं की बसते,” ती म्हणाली, आणि उभी राहिली.